रंगनाथमामांची कल्हई

रंगनाथमामांच्या काढ्यात शिसं आहे हे मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, आणि कळल्यावर मी गप्प बसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अक्काला तर नाहीच. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मामांवर काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा चिटणीसबाईंचा फोन आला. "तुमच्याइतकं त्यांना कुणी ओळखत नव्हतं हो," त्या म्हणाल्या. हे मात्र खरं आहे. त्यांचा इतका तिरस्कार दुसऱ्या कुणी केला नसेल, आणि तिरस्कार करणारा माणूस फार बारकाईनं बघत असतो.

मामा कुणाचेच मामा नव्हते. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण कुमुद, नारायणगुड्याला ज्या इमारतीत राहते तिच्या वरच्या मजल्यावर ते राहायचे, आणि सगळी इमारत त्यांना मामा म्हणायची. आमची पहिली भेट जिन्यात झाली. पांढरा लेंगा, कोपरापर्यंतची बंडी, कपाळावर चढवलेला चष्मा. मी नमस्काराला हात जोडले, तर त्यांनी ते जोडलेले हात सोडवले, उजवा स्वतःकडे ओढला, चष्मा नाकावर घेतला आणि माझी नखं पाहिली.

"शिसं," ते म्हणाले. "अन् थोडा पारा. दात भरून घेतलेत का?"

"नाही."

"मग मासळी."

"आम्ही खात नाही."

"मग हवेतून," असं म्हणून ते खाली निघून गेले. आपलं निदान चुकलं असेल अशी शंका त्यांना त्या तीन पायऱ्यांत एकदाही आली नाही. पुढच्या सात-आठ वर्षांतही आली नाही.

भेटेल त्याची नखं बघायची ही त्यांची सवय. दूधवाला, वॉचमन, सिलिंडर घेऊन येणारा, लग्नात शेजारी बसलेली परकी बाई, कुणी सुटलं नाही. त्यात ॲल्युमिनियम दिसलं की चेहरा पडायचा, "कुकर" एवढंच म्हणायचे. पारा दिसला की आवाज खाली यायचा. शिसं दिसलं की मात्र डोळे लकाकायचे, गावाकडचा माणूस भेटल्यासारखे. शिशावर त्यांचा विशेष लोभ होता. नोकरी सगळी सिकंदराबादला रेल्वेच्या भांडारात गेलेली. तांबं, जस्त, शिसं, मोडीत निघालेलं पितळ तोलून घ्यायचं आणि तोलून द्यायचं, हे काम. तेवढ्या भांडवलावर ते शरीरातल्या धातूंचे तज्ज्ञ झाले होते. "तुम्ही पुस्तकात वाचलेलं शिसं," ते मला म्हणायचे, "माझ्या हाताखालून वॅगननं गेलंय. ते मला ओळखतं."

मी रसायनशास्त्राचा एम.एस्सी. एका खासगी प्रयोगशाळेत पाणी, मसाले, रंग यांचे नमुने तपासतो. शिसं मोजायचं यंत्र रोज माझ्या हाताखालीच असतं. हे त्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी दिसलो की त्यांना चेव यायचा.

"सुधाकर, धातू अंगात गेला की भाडेकरू होतो बघ. भाडं देत नाही अन् घर सोडत नाही. त्याला नोटीस द्यावी लागते."

"नोटीस म्हणजे कोथिंबीर?"

"हस. हस बाबा. तुझ्या मशीनला आकडा कळतो. माणूस कळत नाही."

कोथिंबीर, गुळवेल, लसूण, त्रिफळा आणि मूठभर अंबाडी. इथले लोक जिला गोंगुरा म्हणतात ती. हा त्यांचा काढा. अंबाडी ही त्यांची स्वतःची भर. कोथिंबीर शिसं सैल करते, लसूण त्याला धरतो आणि अंबाडीचा आंबटपणा त्याला बाहेर ढकलतो, असं त्यांचं शास्त्र होतं. हे ते अशा काही ठामपणानं सांगायचे की लोकांना कोथिंबीर, लसूण आणि अंबाडी ही तीन माणसं डोळ्यांपुढे दिसायची, पलंग जिन्यावरून उतरवणारी.

काढ्याच्या आधी काही दिवस मशीनचं प्रकरण झालं. पुण्याच्या मुलानं त्यांना पाय बुडवायचं यंत्र पाठवलं होतं. टबात कोमट पाणी, त्यात मीठ, मध्ये एक लोखंडी गुंडाळी, आणि वीज सुरू केली की अर्ध्या तासात पाणी तपकिरी होतं. ते तपकिरी म्हणजे तळव्यांतून निघालेले धातू. दर रविवारी गच्चीवर दहाबारा लोक चपला काढून रांगेत बसायचे. पाणी काळपटलं की सगळे मान लांब करून बघायचे आणि ज्याचं पाणी जास्त काळं त्याचं कौतुक व्हायचं. एका बाईंचं पाणी म्हणावं तसं काळं झालं नाही तेव्हा त्या खट्टू झाल्या होत्या.

मी एका रविवारी दोन गाजरं घेऊन गेलो. टबात पायांच्या जागी गाजरं उभी केली, मीठ घातलं, बटण दाबलं. अर्ध्या तासात पाणी चहासारखं झालं. लोखंड गंजतं, बाकी काही नाही, हे मी शांतपणे समजावलं. मला वाटलं, झालं. आता हा माणूस मान खाली घालेल.

मामा टबाजवळ उकिडवे बसले. गाजर वर काढलं, वास घेतला. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा! गाजरातनंसुद्धा निघालं. हे शेतकरी लोक काय काय फवारतात, अन् आपण पोरांना कोशिंबीर करून घालतो!"

त्या दिवसापासून इमारतीत गाजरं टबात बुडवून मग किसायची पद्धत पडली. मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मला हसू आलं नाही. ती गाजरं मी नंतर कधी विसरलो नाही.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवी, म्हणजे लोक सांगतात. मामा पैसे घेत नसत. काढ्याचं साहित्य स्वतः मंडईतून आणायचे, निवडायचे, पुड्या बांधून घरोघर द्यायचे. मला विचाराल तर पैसे घेतले असते तर बरं झालं असतं. पैसे घेणारा माणूस गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतो, तक्रार आली की दचकतो. मामांना दचकायचं कारणच नव्हतं. ते परोपकार करत होते. परोपकार करणाऱ्या अडाण्याला थांबवणारं काही या जगात नाही.

आणि भोवतालचे? बँकेतून निवृत्त झालेले, शाळेत शिकवलेले, हायटेक सिटीत संगणकावर बसणारे, सगळे शिकलेले. डॉक्टरनं रक्त तपासायला सांगितलं की "लुटतात हो" म्हणणारे. आणि नखं बघून शिसं सांगणाऱ्यापुढे हात पसरून उभे.

अक्का त्यांच्यात जाईल असं मला वाटलं नव्हतं. अक्का विधवा, एकटी, ब्लाउज शिवून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली. तिची गिऱ्हाइकं तेलुगु, मारवाडी, मराठी, सगळ्याच घरांतली, आणि सगळ्याच तिला अक्का म्हणतात. कापड अंथरलं की ती खडू फारसा लावत नसे, नजरेनं मोजून सरळ कात्री चालवायची. जीभही तशीच. मामांची तिनं पुष्कळ वर्षं टिंगल केली. मग तिचे गुडघे धरले, थकवा येऊ लागला, डॉक्टरनं वय झालं असं सांगितलं. ते तिला लागलं. वय झालं हे कारण अक्काला अपमानासारखं वाटतं. मामांनी नखं पाहिली आणि सांगितलं, "कुमुद, तुझं वय नाही झालेलं. तुझ्यात शिसं आहे. जरीचं, रंगांचं. आयुष्यभर साड्यांना हात लावलेत तू."

"तू त्यांचं ऐकतेस?" मी विचारलं.

"ऐकते तर. ते बसून ऐकतात तरी माझं. तू काय करतोस? रविवारी येतोस, पेपर वाचतोस, जेवतोस, पळतोस."

"अक्का, कोथिंबिरीनं शिसं जात नाही."

"नाही गेलं तर नाही. कोथिंबीर काय विष आहे का?"

कोथिंबीर विष नव्हती. अंबाडीही नव्हती. तेवढ्यावर मी सोडून दिलं.

काढा स्टीलच्या भांड्यात करायचा नाही, ॲल्युमिनियमच्या तर नाहीच, असा मामांचा नियम होता. पितळेचं पातेलंच हवं. "धातूला धातूच हाक मारतो," ते म्हणायचे. काढा संध्याकाळी उकळायचा, रात्रभर त्याच पातेल्यात झाकून ठेवायचा आणि पहाटे अनशापोटी घ्यायचा. पितळेत आंबट ठेवायचं तर आतून कथलाची कल्हई हवी, हे जुन्या बायकांना ठाऊक असतं. पण कल्हईवाले आता येतात कुठे? लोकांच्या माळ्यावरची पातेली खाली आली आणि कल्हईसाठी अडून बसली.

तेव्हा मामांनी स्वतः कल्हई करायला घेतली. मला ती सकाळ लख्ख आठवते. गच्चीत विटांची भट्टी, हातभात्यावर बसलेले मामा, अंगात फक्त बंडी. पातेलं तापलं की चिमट्यानं धरायचे, नवसागराची पूड टाकायचे, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि सगळ्या बायका पदर नाकाला लावून मागं सरायच्या. मग चकाकती कांडी तापल्या भांड्याला टेकवायची, कापसाच्या बोळ्यानं गरकन फिरवायची, की पिवळं पातेलं आतून आरशासारखं. काम झकास करायचे, खोटं कशाला बोलू. "ह्या शिकलेल्या बायकांना कल्हई म्हंजे काय ठाऊक नाही," ते भाता मारत म्हणाले. "अन् हा एम.एस्सी. बघा कसा उभाय. सुधाकर, करून बघतोस का?"

"नको. तुमचं चालू द्या."

"हौ, चालू द्या. हेच येतं तुला."

अक्काचं पातेलं त्यांनी सगळ्यांत आधी केलं. आमच्या आईचं होतं ते.

पुढचं वर्षभर अक्का रोज काढा घेत होती. आधी तिची भूक गेली. मग पोटात मुरडा येऊ लागला, असा की ती शिलाई मशीनवरून उठून जमिनीवर पोट धरून बसायची. शौचाला होईना. चेहरा पांढुरका पडला. हे सगळं तिनं मामांना सांगितलं आणि मामांना आनंद झाला.

"निघतंय!" ते म्हणाले. "कुमुद, हे दुखणं नव्हे, हे निघणं आहे. इतकी वर्षं बसलेला भाडेकरू उठताना भांडी आपटणारच. निघू दे."

हे त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य. बरं वाटलं तर निघालं. वाईट वाटलं तर निघतंय. काहीच वाटलं नाही तर खोल बसलंय, काढा वाढवा. या तिन्हींतून त्यांचं चुकलंय असं म्हणायला फट राहत नव्हती. अक्कानं एका पेल्याचे दोन पेले केले.

एका रविवारी मी तिच्याकडे जेवत होतो. पातेलं ओट्यावर आडवं ठेवलेलं होतं, उन्हात त्याच्या आतली कल्हई दिसत होती. कथलाची कल्हई पांढरी, रुपेरी असते. ही किंचित निळसर, मंद होती. कामाच्या माणसाचा डोळा असतो, तो आपोआप थांबतो. मी अक्काला न सांगता पेल्यात उरलेला काढा एका बाटलीत भरून घेतला, पातेल्याच्या तळाला चाकूनं खरवडून चिमूटभर कीस कागदात बांधला आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत स्वतःच्या हातानं दोन्ही तपासलं.

कल्हईत निम्म्याच्या आसपास शिसं होतं. मामांनी ज्या कांड्या भंगारवाल्याकडून स्वस्तात आणल्या होत्या त्या कथलाच्या नव्हत्याच. त्या मोटारीच्या रेडिएटरला डाख द्यायच्या, म्हणजे सोल्डरच्या, कांड्या होत्या. दिसायला सारख्या, वितळायला उलट सोप्या. आणि त्या कल्हईवर रात्रभर अंबाडीचा आंबट काढा ठेवला की शिसं त्यात उतरणार, यात आश्चर्य काहीच नव्हतं. काढ्यातलं शिसं पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या कितीतरी पट निघालं. जन्मभर शिसं तोलणाऱ्या माणसानं शिसं ओळखलं नव्हतं, आणि अंगातलं शिसं काढायच्या औषधातून अख्ख्या इमारतीला ते पाजलं होतं.

तो आकडा बघून मला काय वाटलं असेल? अक्काची काळजी वाटली असं लिहायला आवडलं असतं. मला आनंद झाला. यंत्रासमोर मी एकटाच होतो आणि मी हसलो. गाजरांचा सूड हातात आला होता.

त्याच दिवशी फोन करायला हवा होता. एक वाक्य पुरलं असतं: अक्का, ते पातेलं फेकून दे. पण दोन-अडीच आठवड्यांनी मामांची पंचाहत्तरी होती. मंडळानं सभागृह घेतलं होतं, शाल, श्रीफळ, भाषणं. मला ते सभागृह दिसायला लागलं. आता फोन केला तर काय होणार? अक्का वर जाऊन मामांना सांगणार, मामा काहीतरी गाजरासारखं बोलून मोकळे होणार, नव्या कांड्या आणणार, संपलं. मला ते गच्चीवर मिटवायचं नव्हतं. मला तो माणूस सगळ्यांसमोर, शाल अंगावर असताना पडलेला पाहायचा होता. मी स्वतःला समजावलं, वर्षभर घेतायत, आणखी थोड्या दिवसांनी काय फरक पडतो.

अक्काला मी फोन केला, नाही असं नाही. "काढा जरा कमी कर," म्हणालो. पण अशा आवाजात म्हणालो की तिनं ऐकू नये.

"परत सुरू झालं का तुझं? मामांचं बरं बघवत नाही तुला," ती म्हणाली. खरंच होतं ते. मी फोन ठेवला.

त्या मधल्या दिवसांत ती एकदा म्हणाली, "सुधा, कात्री हातात टिकत नाही रे. काल एका गिऱ्हाइकाचं पैठणीचं कापड वाकडं कापलं. माझ्या हातून! पंजा वर उचलायला गेलं की उचलतच नाही."

मला ठाऊक होतं हे काय आहे. शिशानं मनगटाच्या नसा लुळ्या पडतात हे कॉलेजात शिकलोय. मी तिच्या हाताकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "थोडी विश्रांती घे." पंचाहत्तरी चार-पाच दिवसांवर आली होती.

सभागृह भरलं होतं. अक्का पहिल्या रांगेत बसली होती, उजवा हात मांडीवर पदराखाली. शाल घातली गेली, नारळ दिला गेला, तीन जणांनी आपापलं शिसं कसं निघालं ते सांगितलं. मग मी चिटणीसबाईंकडे दोन मिनिटं मागितली. फाइल घेऊन मंचावर गेलो. मी आवाज कमावून ठेवला होता, मनात इतक्या वेळा बोललो होतो.

"मामा, कल्हईचं कथील कुठून आणलंत?"

"भंगारवाल्याकडनं. आपल्या ओळखीचा आहे. का रे?"

"ते कथील नाही. त्या डाखाच्या कांड्या आहेत. त्यात निम्मं शिसं असतं. आंबट काढा रात्रभर त्यात राहिला की ते काढ्यात उतरतं. हा रिपोर्ट. तुम्ही या सगळ्यांना वर्षभर शिसं पाजलंत."

मामांनी चष्मा खाली घेतला, कागद घेतला, बराच वेळ वाचला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होतो. त्यासाठीच तर थांबलो होतो. त्यांचा खालचा ओठ हलला. मग त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "कधी तपासलंस?"

हा प्रश्न मी मनात कधी धरलाच नव्हता.

"काल," मी म्हणालो.

"काल तपासलंस अन् आज उभा राहिलास," मामा म्हणाले. "एवढ्या लोकांत, माझ्या तोंडावर. दुसरा असता तर भीड धरून चार दिवस गप बसला असता." त्यांनी अंगावरची शाल काढली, माझ्या खांद्यावर टाकली आणि माइककडे वळले. मला वाटलं आता माफी मागतील.

"मंडळी," मामा म्हणाले, "इतकी वर्षं मी ओरडून सांगत होतो की तुमच्या अंगात शिसं आहे. कुणी ऐकलं का? आज सायन्सनं सिद्ध केलं!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शपथेवर सांगतो, वाजवल्या. शिसं प्यालेल्या लोकांनी, शिसं पाजणाऱ्यासाठी, खुर्चीवरून उठून. मी वर शाल पांघरून उभा होतो आणि मला त्या सगळ्यांची किळस आली.

मग मला अक्का दिसली. तीही टाळ्या वाजवत होती, माझ्यासाठी, भावाच्या अभिमानानं. डावा हात ती उजव्यावर आपटत होती, कारण उजवा पंजा मनगटातून खाली लोंबत होता आणि वर येत नव्हता. टाळीचा आवाज होत नव्हता. तिला ते कळत होतं आणि तरी ती वाजवत होती.

त्याच संध्याकाळी तिला दवाखान्यात नेलं. रक्तात शिसं भरपूर निघालं. शिसं काढायचं खरं औषध असतं, पण ते रक्त तपासून, मोजून, डॉक्टरच्या देखरेखीखाली देतात, आणि त्याआधीचं पहिलं काम म्हणजे शिसं जिथून आत जातंय ते बंद करणं. तरुण डॉक्टरीणबाईंनी मला हे समजावून सांगितलं आणि वर म्हणाल्या, "तुम्ही लगेच तपासलंत म्हणून. हात लुळा पडायची सुरुवात असते तेव्हा एकेक दिवस महत्त्वाचा असतो." मी मान डोलावली.

मामा रोज यायचे. दुसऱ्या दिवशी ते मातीच्या मडक्यात काढा घेऊन आले. अक्का उशीला टेकून बसली होती.

"मामा, शिसं संपलं, आता माती पाजता का?"

"अगं, मडक्यात काही नसतं. शुद्ध."

"ते पातेलंही शुद्ध होतं. सुधा, यांना ते मडकं घेऊन खाली बसव. आणि मामा, माझी नखं बघितलीत तर डाव्या हातानं थोबाडीन."

मामा ओशाळं हसले, पण मडकं त्यांनी खाली नेलं नाही. ते पलंगाच्या पायथ्याशी बसून राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "ह्यानं वाचवलं. एक दिवस नाही दवडला ह्यानं." नातेवाइकांना, नर्सला, शेजारच्या पलंगावरच्या तेलुगु म्हातारीला तुटक्या तेलुगुत. इमारतीतल्या बाकीच्यांनीही रक्त तपासून घेतलं. कमीजास्त सगळ्यांतच होतं, पण अक्काइतकं कुणात नव्हतं. तिच्यासारखे दोन पेले कुणी घेतले नव्हते. एकानंच घेतले होते, आणि ते मामा.

त्यांच्या रक्तातलं शिसं अक्काहून जास्त निघालं. मूत्रपिंडं आधीच थकलेली होती. डॉक्टरांनी औषध सांगितलं, मामांनी नको म्हटलं. मी समजवायला गेलो. खरंच गेलो, त्या वेळी मनात सूड नव्हता.

"केमिकल आहे रे ते," ते म्हणाले.

"मामा, शिसं काय आहे मग?"

"ते आत आलेलं आहे. हे मी आणू? नक्को. तू पातेलं काढून टाकलंस ना? यायचं बंद झालं. आता जे आहे ते निघेल. निघतंय."

मला पुन्हा तोच जुना संताप आला. असा माणूस स्वतःच्या मरणातही चूक कबूल करत नाही, असं मनात म्हणून मी उठलो. जिना उतरताना कळलं की त्या खोलीत चूक कबूल न करणारे दोघं जण बसले होते.

गेल्या वर्षी ते गेले. शेवटचे दिवस मुलानं इथेच दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा चेहरा सुजला होता, बोलणं तुटक झालं होतं. नर्सला माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हा तो. एक दिवस..." बाकीचं मीच मनात पुरं केलं. मला वाटतं, ते मूर्ख होते, हट्टी होते, लोकांच्या जिवाशी खेळले, आणि त्यांच्याबद्दल मला आजही फारसा आदर नाही. पण विष पाजताना त्यांना ते विष आहे हे ठाऊक नव्हतं. त्या दोन-अडीच आठवड्यांत ते ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि तेवढ्या दिवसांत मामांनी स्वतःही रोज दोन पेले घेतले.

अक्काचा हात पुष्कळ सुधारला आहे. पेला धरते, वेणी घालते, हातशिलाई करते. कापत नाही. कापड कापायला खालच्या गल्लीतल्या एका टेलरकडे देते आणि तो शिवणीसाठी मार्जिन जास्त सोडतो म्हणून रोज त्याला शिव्या घालते. नवीन गिऱ्हाईक आलं, हाताबद्दल विचारलं, की ती सगळी गोष्ट रंगवून सांगते आणि शेवटी म्हणते, "माझा भाऊ होता म्हणून. त्यानं चार दिवस उशीर केला असता तर सुईसुद्धा धरता आली नसती." मी तिथे पेपर उघडून बसलेलो असतो.

ही स्मरणिका छापून झाली की मंडळाचा माणूस घरोघर अंक देत फिरेल. अक्का पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचते, जाहिरातींसकट. त्याआधी मला नारायणगुड्याला जाऊन, तिच्यासमोर बसून, मी कधी तपासलं होतं आणि कशासाठी थांबलो होतो ते माझ्या तोंडानं सांगायचं आहे. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून गेलेलो नाही.